जपण्याच्या नावाखाली

साठी ओलांडलेल्या स्त्रीला व्यायाम सुचवताना आपल्या समाजात तीन शब्द हमखास योजले जातात: हलका, हळूहळू आणि जपून. डॉक्टर तेच सांगतात, मुलगा-सून तेच सांगतात, ज्येष्ठ नागरिक संघाच्या शिबिरातील व्याख्यातेही तेच सांगतात. हे शब्द मायेपोटी येतात, हे आम्हांस मान्य आहे. पण त्यांनी स्त्रियांचे नुकसानच होते, असे आमचे स्पष्ट मत आहे.

वयाबरोबर स्नायूंची ताकद घटते, हे सर्वांना ठाऊक असते. ती ताकद चटकन वापरण्याची क्षमता त्याहूनही वेगाने ओसरते, याकडे मात्र कोणाचे लक्ष जात नाही. बळ गुणिले वेग म्हणजे शक्ती, हे शाळेतले पदार्थविज्ञान येथे तंतोतंत लागू पडते. ओल्या न्हाणीघरात पाय घसरला की दुसरा पाय पुढे टाकून तोल सावरायला निमिषभरच मिळते. तेथे संथपणे वाढवलेली ताकद वेळेवर पोहोचत नाही.

अमेरिकेतील रॉजर फील्डिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. हालचालींत अडचण जाणवणाऱ्या, सरासरी ७३ वर्षे वयाच्या ३० स्त्रिया त्यात होत्या. १६ आठवडे, आठवड्यातून तीनदा व्यायाम. वजन दोन्ही गटांना सारखेच, म्हणजे एकदाच पेलता येईल अशा कमाल वजनाच्या ७० टक्के. फरक इतकाच, की एका गटाने ते होईल तितक्या वेगाने ढकलायचे आणि दुसऱ्याने सावकाश. ताकद दोन्ही गटांत सारखीच वाढली. पायांनी ढकलण्याची कमाल शक्ती मात्र वेगवान गटात ९७ टक्के आणि सावकाश गटात ४५ टक्के वाढली.

हाडे ठिसूळ झालेल्यांचे काय, असा प्रश्न लगेच येतो. ऑस्ट्रेलियातील ‘लिफ्टमोर’ प्रयोग अशाच स्त्रियांवर झाला. हाडांची घनता कमी असलेल्या १०१ स्त्रिया, सरासरी वय ६५. एका गटाने आठ महिने, आठवड्यातून दोनदा, अर्धा-अर्धा तास तज्ज्ञांच्या देखरेखीखाली जड वजने उचलली आणि उंचावरून उतरून पायांना धक्का देणारा व्यायाम केला. त्यांच्या कमरेच्या मणक्यांची घनता सरासरी २.९ टक्के वाढली. दुसऱ्या गटाला घरच्या घरी करायचा हलका व्यायाम दिला होता, म्हणजे आपण देतो तोच. त्यांची घनता १.२ टक्के घटली. जड गटात इजा काय, तर एकीच्या कमरेत सौम्य उसण भरली.

आपल्या मंडळांतून जात्यावरच्या ओव्यांवर रसाळ व्याख्याने होतात, पण जाते ओढणाऱ्या दंडांविषयी कोणी बोलत नाही. आमच्या बडोद्यात जुम्मादादांच्या आखाड्याचे आणि प्रा. माणिकरावांचे नाव अभिमानाने घेतले जाते. त्या अभिमानात घरच्या आईचा, सासूचा वाटा कोठे आहे? बारा किलोचा नातू कडेवर घेऊन जिना चढणाऱ्या आजीला कोणी अडवत नाही. तिने पाच किलोचे डंबेल उचलले की मात्र सारे घर दचकते!

रक्तदाब आवाक्याबाहेर असेल, मणक्याचे हाड नुकतेच मोडले असेल, तर वैद्यकीय सल्ल्यावाचून काही करू नये, हे उघड आहे. लिफ्टमोरमध्येही जड वजनाला हात लावण्यापूर्वी पहिला महिना तंत्र शिकवण्यात गेला. तेव्हा जाणता शिक्षक हवा, ही अट आम्ही सोडत नाही. पण शिक्षक नाही म्हणून व्यायामच नको, हा युक्तिवाद सोयीचा आहे. मंडळाचे सभागृह सकाळी रिकामे असते आणि सहलीसाठी दरवर्षी पैसे निघतात. आठवड्यातून दोन सकाळी तेथे शिक्षक बोलवावा. प्रारंभी खुर्चीवरून हात न टेकता झटकन उठणे आणि सावकाश बसणे, एवढ्यावर भागेल. पुढे वजने आणावीत. येत्या वार्षिक सभेत हा ठराव आम्ही मांडणार आहोत, आणि त्यावर भगिनींनी आधी बोलावे, अशी आमची विनंती आहे.