ओळखीचे सूर, अनोळखी नाव

आकाशवाणीची सकाळची सभा सुरू होताना तंबोऱ्याच्या नादावर वाजणारी ती धून ठाऊक नाही, असे जुने घर परभणी जिल्ह्यात शोधूनही सापडायचे नाही. सेलू-पाथरीपासून गंगाखेड-पूर्णेपर्यंत कित्येक घरांत दिवस उजाडायचा तो याच सुरांनी. शिवरंजनीची छाया असलेल्या या धुनेचे श्रेय ज्याला दिले जाते तो मात्र ना मराठी, ना भारतीय. त्याचे नाव वॉल्टर कॉफमन.

कॉफमनचा जन्म १९०७ सालचा, बोहेमियातल्या कार्ल्सबाडचा. घर जर्मनभाषक ज्यूंचे, संगीताचे शिक्षण बर्लिनला. प्रागच्या विद्यापीठात प्रबंध लिहून झाला होता. पण मार्गदर्शक नाझींच्या गोटातला आहे हे कळताच त्याने पदवीवर पाणी सोडले. १९३४ मध्ये तो मुंबईच्या बंदरात उतरला.

इथले संगीत प्रथम कानी पडले तेव्हा त्याला त्यातले काहीही उमगले नाही. पण इतक्या माणसांना जे प्रिय आहे ते निरर्थक कसे असेल? उणे असलेच तर आपल्या समजुतीत असेल, असे ठरवून तो ऐकत राहिला. त्याच वर्षी त्याने मुंबईत चेंबर म्युझिक सोसायटी उभी केली. झुबिन मेहतांचे वडील मेहली मेहता तिथे व्हायोलिन वाजवत. १९३७ पासून मुंबई नभोवाणीवर तो पाश्चात्त्य संगीताचा प्रमुख होता. १९४३ मध्ये त्याने ‘इंडियन सिम्फनी’ रचली.

१९४६ मध्ये त्याने भारत सोडला. १९४८ पासून कॅनडातल्या विनिपेगच्या वाद्यवृंदाचा तो संचालक होता. पुढे अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठात त्याने अध्यापन केले आणि १९६८ साली उत्तर हिंदुस्थानी रागांवर जाडजूड ग्रंथ प्रसिद्ध केला. १९८४ साली तिथेच त्याचे निधन झाले.

निर्वासिताला आपण आसरा दिला, हे सांगताना आपली छाती फुगते. ते खरेही आहे. पण ज्याने आपले राग कागदावर उतरवण्यात वर्षे घालवली, त्याचे नाव आपण किती जणांनी ऐकले आहे? धून आपली झाली, माणूस परकाच राहिला.

आणि हे परक्यांपुरतेच आहे असेही नाही. परभणीच्या मातीतले गोंधळमहर्षी राजारामबापू कदम यांचे नाव आपण अभिमानाने घेतो. पण गोंधळात ज्यांच्या हाती संबळ आणि तुणतुणे असते, त्यांची नावे कोण विचारतो? गाणाऱ्याच्या नावावर निवेदन संपते, साथीदार ‘आणि इतर’ मध्ये जातात. रेडिओवर, जत्रेच्या फलकावर, शाळेच्या स्नेहसंमेलनात रचनाकाराचे आणि वाजवणाऱ्याचे नाव सांगायला अर्धा मिनिट पुरतो. त्याला ना अनुदान लागते, ना समिती.

दुसरी गोष्ट याहून अवघड. कानाला नवे वाटले की ‘हे काय संगीत आहे!’ म्हणून आपण बटण फिरवतो. मग ते पाश्चात्त्यांचे असो, कर्नाटकी असो की शेजारच्या वस्तीतले. कॉफमनने आधी स्वतःच्या कानांवर संशय घेतला. ही धून आपल्याला मिळाली ती त्या संशयातून. तेवढा संशय आपणही अधूनमधून घ्यायला हरकत नाही.