संथ डिस्कची बाजू

डिस्क गोल्फ शिकायला निघालेल्या माणसाने पहिले काही महिने फक्त संथ डिस्क टाकाव्यात, त्यातही शक्यतो एकच पटर, असं माझं स्पष्ट मत आहे. ते आत्ताच लिहून काढायचं कारण म्हणजे आमच्या वर्गातल्या पाच जणांनी पैसे जमवून बाहेरून डिस्क मागवायचं ठरवलंय आणि त्यांची यादी माझ्या हाती आलीय. एकूण सात डिस्क, त्यातल्या पाच बारा किंवा त्यावरच्या स्पीडच्या! लांबून येणाऱ्या पार्सलचा खर्च बघता दर महिन्याला नवीन मागवणं काही आपल्या खिशाला झेपणार नाही. म्हणजे पहिल्या पार्सलमधून जे निघेल त्यावरच ही मंडळी वर्ष काढणार. म्हणून बोलायचं ते आत्ताच बोललेलं बरं.

ज्यांना हा खेळच ठाऊक नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. गोल्फमध्ये चेंडू आणि खड्डा असतो, इथे तबकडी आणि खांबावर लावलेली साखळ्यांची टोपली. ठरलेल्या जागेवरून डिस्क फेकायची, ती जिथे पडेल तिथून पुढची, आणि कमीत कमी फेकींत टोपलीत घालायची. पहिलं कायमस्वरूपी मैदान १९७५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ला कन्याडा फ्लिंट्रिजच्या ओक ग्रोव्ह पार्कमध्ये झालं. ते बसवणारा एड हेड्रिक ‘व्हॅम-ओ’ या फ्रिस्बी विकणाऱ्या कंपनीतला माणूस. साखळ्यांची टोपलीही त्याचीच. १९७६ मध्ये त्याने व्यावसायिक खेळाडूंची संघटना, म्हणजे पीडीजीए, सुरू केली. आज फिनलंडसारख्या छोट्या देशातही या खेळाची शेकडो मैदानं आहेत. मैदान म्हणजे सपाट ग्राउंड नव्हे हं, बहुतेकदा झाडीतून जाणारी वाट. आपल्या व्हॅक्सिन डेपोची झाडी डोळ्यांसमोर आणा, तसंच.

आता मुद्दा. डिस्कवर चार आकडे छापलेले असतात: स्पीड, ग्लाइड, टर्न आणि फेड. ही पद्धत इनोव्हा या अमेरिकन कंपनीची, पुढे बाकीच्या बऱ्याच कंपन्यांनी उचलली. यादी करणाऱ्यांनी यातला फक्त पहिला आकडा वाचला आणि तोही चुकीचा वाचला. स्पीड १२ म्हणजे ही डिस्क आपोआप जोरात जाते, असा सगळ्यांचा समज आहे. तो आकडा खरं तर फेकणाऱ्याकडे केलेली मागणी आहे. मला एवढ्या वेगाने सोडलंस तरच मी नीट उडेन, नाहीतर तुझं तू बघ. इनोव्हाची डिस्ट्रॉयर १२ स्पीडची आहे. ती लिहिल्याप्रमाणे उडायला ताशी साधारण शंभर किलोमीटरचा वेग लागतो. अव्वल खेळाडू ११० च्या पुढे सहज जातात. नवा माणूस, कितीही तगडा असो, साठ-सत्तरच्या आसपास असतो. बुलेट थेट पाचव्या गियरला टाकून चन्नम्मा सर्कलच्या सिग्नलवरून उठवायचा प्रयत्न करा. गाडी दमदार आहे म्हणून ती उठणार नाही, दोन गचके देऊन बंद पडेल.

डिस्कचं बंद पडणं कसं असतं तेही सांगते. उजव्या हाताने बॅकहँड टाकली, म्हणजे शरीराच्या डाव्या बाजूने हात आडवा ओढत सोडली, तर ती वरून पाहिल्यावर घड्याळाच्या दिशेने फिरते. तिला पुरेसा वेग मिळाला तर सुरुवातीला ती किंचित उजवीकडे झुकते. हा टर्न. शेवटी वेग उतरला की डावीकडे वळते. हा फेड. दोन्ही मिळून हवेत लांबट उलटा एस तयार होतो आणि त्यातूनच अंतर मिळतं. कारण समजायला भोवरा आठवा. जाळी ओढून सोडलेला भोवरा जोरात फिरतो तेव्हा ताठ उभा राहतो, आणि कलला तरी धपकन पडत नाही, गोल डुलायला लागतो. फिरत्या वस्तूला एका बाजूने ढकललं की ती भलत्याच बाजूला कलते. डिस्कचंही तेच होतं. वेग कमी झाला की हवा तिचं नाक वर उचलू पाहते, पण ती फिरत असल्यामुळे नाक उचलण्याऐवजी डावीकडे कलते. बारा स्पीडची डिस्क नवशिक्याच्या हातून सुटते तेव्हाच तिच्या हिशोबाने वेग संपलेला असतो. टर्न होतच नाही. सरळ फेडपासून सुरुवात. पंचवीस-तीस मीटर जाऊन ती डावीकडे झुडपात घुसते.

पटरचं उलट आहे. तिची कड जाड आणि बोथट, कडेची रुंदी जेमतेम एक सेंटिमीटर. वेगवान ड्रायव्हरची कड धारदार आणि रुंद असते. नियमाने ती २.६ सेंटिमीटरपर्यंत चालते आणि मोठ्या ड्रायव्हर त्या मर्यादेच्या जवळच असतात. (माझ्यासारख्या लहान पंजाच्या माणसाने तेवढी कड मुठीत धरायची म्हणजे थाळी पकडल्यासारखं होतं.) इनोव्हाची एव्हियार ही पटर २ स्पीडची. साठ किलोमीटरने टाकली तरी तिची मागणी पूर्ण होते. बऱ्याच नवशिक्यांची पटर त्यांच्या ड्रायव्हरइतकीच लांब जाते, आणि वर सरळ जाते.

पण अंतर हे माझं खरं कारण नाहीच. वेगवान डिस्क चुका लपवते, हे आहे. नवा माणूस डिस्क सोडताना बहुधा मनगट उलटं फिरवतो, त्यामुळे ती उजवीकडे लोळायला बघते. पटर असेल तर ती खरंच उजवीकडे लोळते, फडफडते, जमिनीवर आपटते. काय चुकलं ते मैदानावरच्या प्रत्येकाला दिसतं. तीच चूक डिस्ट्रॉयरने केली तर डिस्कचा स्वतःचा डावीकडचा ओढा ती चूक खाऊन टाकतो. दोन वाकडेपणा मिळून एक सरळ फेक! पोरगा खूश. मग तो ठरवूनच उजवीकडे कलती सोडायला लागतो, कारण तशी सोडली की ती जरा सरळ जाते. सहा महिन्यांत ती सवय अंगात भिनते. आणि हातात थोडा जास्त वेग आला, की तीच सवय त्याला प्रत्येक वेळी उजवीकडच्या झाडीत नेऊन टाकते. आता त्याला बिचाऱ्याला कळतच नाही की आपण सुधारतोय की बिघडतोय.

गेल्या नाताळात टोरोंटोजवळ राहणारा माझा मावसभाऊ घरी आला होता, पिशवीत तीन डिस्क घेऊन. सव्वीस तारखेच्या सकाळी आम्ही मैदानावर गेलो. आमच्या गल्लीतला एक जण फास्ट बोलर आहे, त्याने साहजिकच आधी ड्रायव्हर उचलली आणि खांद्याची सगळी ताकद लावली. चार वेळा डावीकडच्या कंपाउंडवरून पलीकडे. पाचव्या वेळी भावाने त्याच्या हातात पटर दिली आणि म्हणाला, “जोर लावू नकोस की रे. टेबलावरून कापड ओढल्यासारखी सपाट ओढ आणि सोड.” पहिल्या दोन आपटल्या. तिसरी मैदानाच्या निम्म्यापर्यंत सरळ तरंगत गेली, थोडी थांबल्यासारखी झाली आणि अलगद बसली. त्यानंतर त्याने दुपारपर्यंत ड्रायव्हरकडे बघितलं नाही. बोलरच तो, लाइन सापडल्याचा आनंद त्याला कोणी वेगळा समजावून सांगायला नको.

या खेळाचा इतिहासही माझ्या बाजूचा आहे. १९८३ पर्यंत सगळे जण बोथट कडेच्या फ्रिस्बीसारख्या डिस्कनेच खेळत. त्या वर्षी डेव्ह डनिपेसने उतरत्या कडेची पहिली गोल्फ डिस्क आणली, इनोव्हाची ईगल. धारदार ड्रायव्हरची सगळी वंशावळ तिथून सुरू होते. म्हणजे ज्या लोकांनी हा खेळ उभा केला, त्यांचे हात संथ डिस्कवरच तयार झाले होते. आणि आजचे मोठे खेळाडूही छोट्या अंतराच्या होलवर टी वरून सरळ पटर टाकतात. तो भाग रीलमध्ये येत नाही. रीलमध्ये येते ती डेव्हिड विगिन्स ज्युनियरची २०१६ मधली नेवाडाच्या वाळवंटातली फेक, ३३८ मीटर. वाळवंट, पाठीवर सोसाट्याचा वारा आणि समोर एकही झाड नाही. ती पाहून व्हॅक्सिन डेपोच्या झाडीत वापरायची डिस्क निवडायची म्हणजे कमालच झाली.

आमच्या कॉयरमध्ये नवीन गाणं बसवताना मास्तर आधी अर्ध्या लयीत म्हणून घेतात. नवीन पोरं वैतागतात, कारण संथ लयीत कुणाचा सूर कुठे घसरतो ते चटकन ऐकू येतं. पूर्ण लयीत ऑर्गन सगळ्यांना सांभाळून नेतो. पटरबद्दलची नाराजी मला तशीच वाटते. ती अवघड आहे म्हणून कोणी टाळत नाही, ती आपल्याला उघडं पाडते म्हणून टाळतात. (आपल्या मंडळात पहिलीच कविता मुक्तछंदात आणणाऱ्यांबद्दलही मला हेच म्हणायचंय, पण तो वेगळा लेख होईल आणि भांडणही वेगळं होईल.)

समोरच्या बाजूकडेही मुद्दे आहेत, ते मी उडवून लावणार नाही. एक म्हणजे मजा. पहिल्याच दिवशी जीव तोडून फेकावंसं वाटतं आणि त्यात काही गैर नाही. पण शिकायचं असेल तर मजा पुढच्या महिन्यातही टिकली पाहिजे. झुडपात डिस्क शोधण्यात अर्धा तास घालवणाऱ्याला तिसऱ्या दिवशी मैदानावर यावंसं वाटेल, याची मला खात्री नाही. दुसरा मुद्दा वाऱ्याचा, आणि तो जास्त वजनदार आहे. समोरून वारा असला की पटर उचलली जाते, उलटते, पार भरकटते. बेळगावात पावसाळ्यातला वारा काय असतो ते आपण सगळे जाणतो. त्या दिवसांत पटरवर शिकणं कठीण जाईल हे मान्य. त्यावर माझा उपाय एवढाच की सकाळी लवकर जा, वारा उठायच्या आत. तिसरा मुद्दा असा की हलक्या वजनाच्या, सहज टर्न होणाऱ्या ड्रायव्हर नवशिक्यांसाठीच बनवलेल्या असतात. हे खरं आहे. पण त्यातही शहाणपण सहा-सात स्पीडला आहे, बाराला नाही. इनोव्हाचा नवशिक्यांसाठीचा तीन डिस्कचा संच बघा: एव्हियार, शार्क, लेपर्ड. पटर, मिडरेंज आणि ६ स्पीडची फेअरवे ड्रायव्हर. ज्या कंपनीला डिस्ट्रॉयर विकायचीय तीसुद्धा ती नवशिक्याच्या डब्यात घालत नाही.

मग ही मुलं डिस्ट्रॉयरच का मागवतात? कारण तिच्याबरोबर नाव येतं. २०२१ मध्ये पॉल मॅकबेथने डिस्क्राफ्टबरोबर दहा वर्षांसाठी एक कोटी डॉलरचा करार केला. एवढा पैसा कंपनी ज्या खेळाडूवर लावते, त्याचं नाव डिस्कवर छापून ती वसूलही करणारच. विराटची बॅट घेतली म्हणून कव्हर ड्राइव्ह येत नाही हे आपल्याला चांगलं कळतं. खेळ नवीन असला की कळेनासं होतं.

तर यादी अशी असावी. पाच जणांना पाच पटर, पाचही एकाच बनावटीच्या. डिस्क सारखी असली की फरक दिसेल तो हाताचाच. कुणाची डावीकडे जाते, कुणाची फडफडते, हे शेजारी उभं राहून एकमेकांना सांगता येईल. प्लॅस्टिक साधं, स्वस्तातलं घ्या. ते घासून घासून मऊ होतं आणि डिस्क आणखी सरळ उडायला लागते. आणि नाहीतरी प्रत्येक होलचा शेवट पटरनेच होतो, टोपलीपासून दहा मीटरच्या आतली फेक हा खेळाचा निम्मा जीव आहे. तेव्हा ही पटर पुढे कधी वाया जाणार नाही. उरलेल्या दोन जागांवर एक मिडरेंज, डिस्क्राफ्टची बझ किंवा तशीच ५ स्पीडची, सगळ्यांत मिळून वापरायला. आणि फारच जीव तळमळत असेल तर एक लेपर्ड.

ऑर्डर शुक्रवारी जायची आहे. बारा नंबरच्या आणि त्यावरच्या पाचही मी यादीतून पेन्सिलने खोडल्यात. ज्याला त्यातली एखादी परत घालायची असेल त्याने गुरुवारी सकाळी सातला मैदानावर यावं. मावसभावाने जाताना ठेवून गेलेली पटर माझ्याकडे आहे. ती दहापैकी सात वेळा साठ मीटर सरळ टाकून दाखवा, मी स्वतः रबराने खोडाखोड पुसून देते.