भीती कुणाच्या हातात?

दसरा जवळ आला की मला एक प्रश्न हमखास विचारला जातो. विचारणारा चाळिशीच्या आगेमागे असतो, डॉक्टरांनी रिपोर्ट बघून त्याला दोन शब्द सुनावलेले असतात आणि बोनसचा अंदाज आलेला असतो. “सायकल घ्यायची म्हणतोय. रोड बाइक घेऊ की एमटीबी?” खरं तर उत्तर त्यानं मनाशी ठरवलेलंच असतं. रस्त्यावरची सायकल म्हणजे सभ्य माणसाचा व्यायाम आणि टेकडीवरची म्हणजे कॉलेजातल्या पोरांनी हातपाय मोडून घ्यायचा उद्योग. घरच्यांनीही हेच बजावलेलं असतं. माझ्याकडे दोन्ही सायकली आहेत आणि मला धोका नेमका उलट्या बाजूला दिसतो. छंद निवडताना आधी तोच तपासावा, असं माझं म्हणणं आहे.

दोन्ही सायकलींचं कूळच वेगळं. रस्त्यावरच्या सर्वांत मोठ्या शर्यतीला वर्तमानपत्रानं जन्म दिला. ‘लोतो’ या फ्रेंच क्रीडा दैनिकाला खप वाढवायचा होता, म्हणून 1903 मध्ये पहिली टूर द फ्रान्स भरली. सहा टप्पे, 2,428 किलोमीटर. निघाले 60, पोचले 21. रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या माणसाला शर्यत क्षणभर दिसायची, बाकीची त्यानं नंतर छापील आकड्यांत वाचायची. आजच्या हौशी रोड सायकलवाल्याच्या अंगात तेच रक्त आहे. सरासरी वेग किती पडला, चढाई किती मीटर झाली, गेल्या रविवारपेक्षा किती सेकंद वाचले, हे मोबाइलवर चढल्याशिवाय त्याची राइड पुरी होत नाही.

माउंटन बाइकच्या, म्हणजे एमटीबीच्या, मुळाशी असा खपाचा कुठलाच हिशेब नव्हता. कॅलिफोर्नियात मरीन काउंटीतली काही मित्रमंडळी जुन्या, जाडजूड टायरच्या सायकली वर न्यायची आणि कच्च्या वाटेनं खाली सोडायची. 1976 मध्ये त्यांनी एका उतारावर घड्याळ लावून शर्यती सुरू केल्या. सुमारे तीन किलोमीटरांत चारशे मीटर खाली. मागच्या हबमधला ब्रेक इतका तापायचा की आतलं ग्रीस जळून जायचं आणि पुढच्या फेरीआधी ते नव्यानं भरावं लागायचं. त्याच टोळक्यातले गॅरी फिशर आणि जो ब्रीझ पुढे खास डोंगरासाठी सायकली बनवू लागले आणि वीस वर्षांत, 1996 च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये, हा खेळ पोचलासुद्धा.

रस्त्याची मजा मी नाकारत नाही. तिथला खरा प्रतिस्पर्धी हवा असते. ताशी वीसवरून तीसवर जायचं तर हवा कापायला लागणारी ताकद दीडपट वाढून भागत नाही, ती तिपटीच्याही वर जाते. म्हणून चार जण एकामागे एक चिकटून जातात, पाळीपाळीनं पुढे येऊन वारा अंगावर घेतात, आणि पुढच्यानं हात खाली करून बोट दाखवलं की मागच्यानं समजायचं, खड्डा आहे. एकट्याला न झेपणारं अंतर अशी सोबत सहज ओढून नेते. ‘ब्रेव्हे’ या लांब पल्ल्याच्या राइडमध्ये 200 किलोमीटर साडेतेरा तासांत पुरे करायचे असतात; वेग फार लागत नाही, बूड टेकवून बसायची चिकाटी लागते. मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाट गाजवणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणतात, तो मान एका चढणीचा. पण नाशिकच्या महाजन डॉक्टर बंधूंनी 2015 मध्ये दोघांच्या संघातून ‘रेस अक्रॉस अमेरिका’ पुरी केली, आणि 2017 मध्ये नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी तीच सुमारे पाच हजार किलोमीटरांची शर्यत बारा दिवसांच्या आत एकट्यानं संपवली. तो मान सातत्याचा.

टेकडीवर यातलं फारसं काही कामाला येत नाही. तिथं वेग दहा-बाराच्या घरात, त्यामुळे हवेचा प्रश्नच मिटला. वाट एका चाकाच्या रुंदीची, म्हणून गप्पाही बंद. पायाखाली कधी घट्ट मुरूम, कधी काळ्या पाषाणाच्या पायऱ्या, कधी नुसता घसारा. टायर सव्वादोन इंच रुंद आणि हवा मुद्दाम कमी, रोड बाइकच्या तुलनेत तिसरा हिस्सा, म्हणजे रबर दगडाला धरून राहतं. आत ट्यूब नसते, सीलंट असतं. आपल्याकडच्या बाभळीच्या काट्यांना दुसरं औषध नाही. आणि शरीराला सगळं पुन्हा शिकवावं लागतं. तीव्र उतारावर बूड सीटमागे न्यायचं, कोपरं सैल सोडायची, नजर पुढच्या दगडावर न ठेवता दगडाशेजारच्या वाटेवर ठेवायची. जिकडे नजर, तिकडे सायकल. दगडाकडे बघत राहिलात तर दगडावरच जाणार.

याहून मोठा धडा पुढच्या ब्रेकचा. “पुढचा ब्रेक दाबू नको, तोंडावर आपटशील,” हे ऐकतच आपण सायकल शिकलो. प्रत्यक्षात सायकल थांबवण्याचं निम्म्याहून जास्त काम पुढचाच ब्रेक करतो, कारण ब्रेक लागताच वजन पुढच्या चाकावर येतं. तो एका बोटानं, हळूहळू दाबत नेण्याची सवय टेकडीवर लागते, कारण तिथं नुसता मागचा धरला की चाक घसरतं. आणि दिवे घाटाच्या वळणावर अचानक एसटी समोर आली की हीच सवय जीव वाचवते. टेकडीवर कमावलेलं रस्त्यावर उपयोगी पडतं. उलट दिशेला मात्र फक्त दम जातो, कसब जात नाही.

आता मूळ मुद्दा, भीतीचा. टेकडीवर माणूस वारंवार पडतो, पण बहुतेकदा हळू पडतो. कोपर सोलवटतं, गुडघ्याला खरचटतं, अहंकाराला जास्त लागतं. शिवाय पडण्याचं कारण जवळपास नेहमी स्वतःपाशी असतं. वेग जास्त होता, नजर चुकली, झेपणार नाही ते करायला गेलो. पुढचा टप्पा अवघड वाटला तर सायकलवरून उतरा, हातात धरून चालत जा, कुणी हसत नाही. धोका किती घ्यायचा ते दर दहा पावलांवर आपण ठरवतो. रस्त्यावर आपण क्वचितच पडतो. पण ज्याच्यामुळे पडतो तो बहुधा दुसराच कुणी असतो. रात्रभर जागून गाडी हाणणारा टेम्पोवाला, मोबाइलवर बोलणारा कारवाला, साइडपट्टीवरून उलट्या दिशेनं येणारा दुचाकीवाला. हेल्मेट, रिफ्लेक्टर, लाल दिवा, सगळं लावा. शेवटचा निर्णय त्याचाच. रोड सायकलवाल्याचं कौशल्य कितीही वाढलं तरी हा हिस्सा कमी होत नाही.

म्हणून पन्नाशीतल्या माणसाला टेकडीवर पाठवायला घाबरणारे आणि पहाटे हायवेला सोडताना निर्धास्त असणारे नातेवाईक मला कोड्यात टाकतात. टेकडीवरची दुखापत डोळ्यांना दिसते, रस्त्यावरची कल्पनेत आणावी लागते, एवढंच त्यामागे असावं. अर्थात टेकडीलाही तिची किंमत आहे. गुडघ्यांपेक्षा मनगटं आणि पाठ जास्त बोलतात. पावसाळ्यात तर टेकडीला रजाच द्यावी. काळ्या मातीचा चिखल चाकात अडकतो हे एक कारण. दुसरं महत्त्वाचं म्हणजे ओल्या वाटेवर टायरनं पडलेल्या चरीतून पाणी वाहतं आणि वाट खचत जाते. ते चार महिने घाटरस्त्यांचे. ताम्हिणीत, वरंध्यात धुकं उतरतं तेव्हा रोड बाइकसारखं सुख नाही. दिवाळीपासून शिमग्यापर्यंत वाट कोरडी आणि घट्ट असते, ते दिवस टेकडीचे. शिवाय टेकडी सकाळी फिरायला येणाऱ्या आजी-आजोबांचीही आहे. त्यांना पाहून थांबणं हा शिष्टाचार नव्हे, नियमच समजावा.

दुकानात मात्र रस्ता-टेकडीच्या या फरकाचा काही संबंध लागत नाही. शहरात ‘गिअरची सायकल’ म्हणून खपते ती बहुतेक एमटीबीच्या वेशातली असते. जाड टायर, पुढे शॉकॲब्सॉर्बर, कधी मागेही एक. स्वस्तातले हे शॉक धड झटका खात नाहीत, पायडलची ताकद तेवढी खातात. अशी सायकल टेकडी चढत नाही आणि रस्त्यावर पळत नाही. दोन्ही छंदांबद्दलची निराशा बहुधा इथूनच सुरू होते. पैसे बेताचे असतील तर शॉक नसलेली, साध्या घट्ट फोर्कची सायकल घ्या, टायर थोडे रुंद घाला आणि दोन्हीकडे फिरून बघा.

आणि तरीही सल्लाच हवा असेल तर माझा क्रम असा. आधी एक हिवाळा टेकडी, मग रस्ता. पडायचं कसं, थांबायचं कसं, नजर कुठे ठेवायची हे जिथं चूक स्वस्तात पडते तिथं शिकून घ्यावं. एवढ्यासाठी तरी प्रत्येक शहराला एक मोकळी टेकडी लागते. पुण्यात वेताळ टेकडीवरून रस्ता काढायचा घाट घातला गेला तेव्हा, 2023 मध्ये, लोक मोर्चानं बाहेर पडले. त्यांनी पाण्याचा, झाडांचा, हवेचा मुद्दा मांडला आणि तो रास्तच होता. मी त्यात आणखी एका मुद्द्याची भर घालीन. स्वतःच्या भीतीचा लगाम स्वतःच्या हातात ठेवता येईल अशा जागा शहरात फार उरलेल्या नाहीत, आणि तिथूनही रस्ताच काढला तर आपण एक छंद दुसऱ्याच्या हवाली करू. मग दसऱ्याला ‘रोड की एमटीबी’ हा प्रश्न विचारायचं कारणच राहणार नाही.