घराचा ठेका कोणाकडे?

निवृत्त बँक अधिकाऱ्याकडे लोक सल्ला मागायला येतात ते बहुधा दोन बाबतींत. ठेव कुठे ठेवावी ही एक, आणि घर बांधायला काढले आहे, ठेकेदाराला द्यावे की स्वतः उभे राहून बांधावे, ही दुसरी. पहिल्या प्रश्नाची वासलात पाच मिनिटांत लागते. दुसऱ्यासाठी चहा टाकावा लागतो.

विचारणारा बहुतेक वेळा मनातून ठरवूनच आलेला असतो. हातात डायरी, डायरीत हिशेब. ठेकेदाराने मालासकट सांगितलेल्या दरातून सिमेंट, सळई, वाळू, खडी, विटा आणि मजुरी वजा केली की एक रक्कम उरते, आणि तिच्याकडे पाहून आपण लुटले जात आहोत असे त्याला वाटू लागते. ही रक्कम काल्पनिक नाही. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभाग आपल्या दरांची फोड करताना कंत्राटदाराचा नफा आणि वरखर्च मिळून १५ टक्के धरतो. म्हणजे ३० लाखांच्या घरात सुमारे ३ लाख ९० हजार रुपये. शिवाय कराचे आहेच. २०१७ साली वस्तू व सेवा कर आला तेव्हापासून एकट्या घराच्या निव्वळ मजुरीच्या ठेक्याला त्यातून सूट आहे. नोंदणी असलेल्या ठेकेदाराला मालासकट काम दिले तर १८ टक्के लागतात. मालावर भरलेल्या कराची वजावट ठेकेदाराला मिळते, पण ती तो तुमच्यापर्यंत पोहोचू देईलच असे नाही.

रीतही काही नवी नाही. सिमेंट परमिटवर मिळत होते त्या काळात माल मालकाचा आणि हात गवंड्याचे, अशीच असंख्य घरे उभी राहिली. नियंत्रण १९८२ साली अर्धे उठले, १९८९ साली पूर्ण. पोत्यासाठी खेटे घालण्याचे कष्ट संपले. पैसे टाकले की दारात ट्रक उभा राहतो. त्यामुळे बांधकाम म्हणजे खरेदी, असा एक समज रूढ झाला आहे. डायरीतला हिशेब या समजावर उभा असतो.

माझ्या मते ते १५ टक्के वेगळ्याच गोष्टीसाठी जातात. स्लॅबचा दिवस घ्या. सकाळी मिक्सर येतो, लिफ्ट उभी राहते, नारळ फुटतो. स्लॅबची टोळी वेगळी असते आणि तिचे काम उक्ते, म्हणजे किती तास लागले याच्याशी मजुरीचा संबंध नाही. अंधाराच्या आत संपवून तिला दुसऱ्या दिवशी दुसरीकडे जायचे असते. काँक्रीट घट्ट असले की घमेले ओतायला जड, पसरायला जड. मिक्सरमध्ये बादलीभर पाणी जास्त पडले की तेच खिरीसारखे पसरते, सगळ्यांचे काम हलके होते आणि स्लॅबची ताकद कमी होते. त्या दिवशी ते कोणालाच दिसत नाही. काही पावसाळे गेल्यावर छत पाझरू लागते, सळई गंजून खालचा गिलावा सुटतो, तेव्हा ती टोळी कुठल्या जिल्ह्यात आहे हे देव जाणे. म्हणून दिवसभर मिक्सरपाशी असा माणूस लागतो, ज्याने 'पुरे' म्हटले की हात थांबतो. घरमालक त्या दिवशी हजर असतोच. फक्त तो टोळीसाठी जिलबी आणायला गेलेला असतो.

बरे, उक्ते नको म्हणून हजेरीवर माणसे लावावीत, तर चार दिवसांच्या कामाला सात दिवस लागतात. यातला तोल सांभाळणे हाच ठेकेदाराचा धंदा आहे. तो सांभाळायला त्याच्याकडे एक साधन असते, जे डायरीवाल्याकडे नसते, ते म्हणजे पुढचे काम. नळवाला तुमच्याकडे आला नाही तर तुम्ही फोन करता, चिडता, गयावया करता. ठेकेदार म्हणतो, "तिकडच्या साइटवर बोलावणार होतो, राहू दे मग." नळवाला संध्याकाळी हजर. तुमचे घर एकच आहे आणि ते आयुष्यात एकदाच बांधले जाणार, हे गवंड्यापासून सेंट्रिंगवाल्यापर्यंत सर्वांना ठाऊक असते. उचलीचेही तेच. गावी जत्रा आहे, मुलगी आजारी आहे, दहा हजार द्या. ठेकेदार दिलेली उचल पुढच्या दोन कामांत वळती करतो. तुमच्या बाबतीत ते विनातारण कर्ज ठरते, आणि त्याची वसुली कशी होते हे मी नोकरीत पुरेसे पाहिले आहे.

यावरून मी ठेकेदारांची वकिली करतो आहे असे कोणी समजू नये. जोत्यावर किंवा पहिल्या स्लॅबवर अडकलेल्या घरांची प्रकरणे मी हाताळली आहेत, आणि त्यांतल्या पुष्कळांत ठेकेदाराने कामाच्या पुढे पैसे उचललेले होते. बँक हप्ता देते ती काम तपासून. मालक तोच हप्ता ठेकेदाराला पुढच्या कामासाठी आधीच देऊन मोकळा होतो. पण स्वतः बांधणाऱ्यांचीही घरे अडकलेली पाहिली आहेत. तिथे पैसे खाल्ले कोणीच नव्हते. स्लॅब होता होता सागवानी चौकट पसंत पडली, मग जिन्याला ग्रॅनाइट. गिऱ्हाईकही आपण आणि हिशेब ठेवणाराही आपणच असलो की नाही म्हणायला कोणी उरत नाही. त्यात मजूर सणाला गावी गेले, पावसाळा आला, वाळूचे भाव चढले. २० लाखांचे कर्ज उचललेले असेल तर ९ टक्क्यांनी महिन्याला १५ हजार व्याज होते, वर चालू घराचे भाडे. सहा महिने लांबले की वाचवलेल्या ३ लाख ९० हजारांतला मोठा तुकडा तिथेच गेला.

आणखी एक खर्च डायरीत कधीच नसतो. भारतीय मानक ४५६ प्रमाणे काँक्रीट साध्या सिमेंटचे असेल तर किमान ७ दिवस आणि मिश्र सिमेंटचे असेल तर किमान १० दिवस ओले ठेवावे लागते. मिश्र सिमेंटसाठी शिफारस १४ दिवसांची आहे. स्लॅबवर मसाल्याचे छोटे बांध घालून पाणी भरायचे, भिंतींवर सकाळ-संध्याकाळ मारायचे. साहेब कचेरीत असताना हे कोण करते? तालुक्याच्या गावांतून 'अमुकरावांनी स्वतः उभे राहून बांधले' म्हणून जी घरे दाखवली जातात, त्यांतल्या अनेकांत उभी राहिली ती त्यांची बायको. पोती मोजून घेणारी तीच, नळी धरून जिना चढणारी तीच, आणि प्लेटा दुसरीकडे हव्यात म्हणून पाचव्याच दिवशी टेकू काढायला आलेल्या सेंट्रिंगवाल्याला परत पाठवणारीही तीच. म्हणून हल्ली मी विचारतो की तुम्ही ठरवलेत, वहिनींना विचारलेत का? पुष्कळांना हा प्रश्न आगाऊपणाचा वाटतो.

मी स्वतः सांगतो तो मार्ग मधला आहे. सिमेंट आणि सळई आपण घ्यावी, मजुरीचा ठेका लेखी द्यावा, पैसे मोजमाप झाल्यावर, आणि देखरेखीला गावातला एखादा अभियंता महिन्याच्या पगारावर नेमावा. त्याचा पगार वाचलेल्या रकमेतून सहज निघतो. नोकरी पुण्यात आणि घर सांगोल्याला असेल तर मात्र हाही मार्ग नको. सरळ चांगला ठेकेदार पाहावा. मोबाइलवर रोज फोटो येतात, पण मिक्सरमध्ये किती पाणी पडले ते फोटोत कळत नाही.

आता शेवटचा मुद्दा, जो मी चहा संपत आल्यावर काढतो, कारण आधी काढला तर चहा तसाच राहतो. परांचीवरून माणूस पडला तर? १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्यांतून १० लाखांपर्यंतची स्वतः राहण्याची घरे वगळलेली होती. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत ही मर्यादा ५० लाख झाली. घर बांधणाऱ्याच्या दृष्टीने सोयीचेच, उपकर वाचला. पण बांबूवरून पाय सरकलेल्या माणसाची कंबर या मर्यादेने सावरत नाही, आणि त्याला कामावर कोणी ठेवले होते हा प्रश्न उरतोच. तुम्ही ठेकेदाराची जागा घेतली असेल तर ते तुम्ही. ठेकेदार असला तरी त्याने विमा उतरवलेला असतो असे मानू नका, कागद मागा. मजुरांच्या नुकसानभरपाईची विमा पॉलिसी सर्वसाधारण विमा कंपन्या देतात, हप्ता मजुरीच्या रकमेवर ठरतो, आणि ती पाया खणायच्या आधी घ्यायची असते. डायरीत तेवढी एक ओळ वाढवायला मी सांगतो. काही जण तिथल्या तिथे लिहून घेतात. काही जण डायरी मिटतात आणि ठेवींवर सध्या किती व्याज आहे ते विचारतात.