तळघरातील दवाखाना
मालकाच्या दास्यातून पळून जाऊ पाहणाऱ्या कृष्णवर्णीय गुलामास मनोविकार जडला आहे असे निदान करून त्या विकाराला ‘ड्रेपटोमेनिया’ हे नाव देणारा, आणि त्यावर चाबकाचा उपाय सुचविणारा सॅम्युएल कार्टराइट नावाचा डॉक्टर १८५१ साली अमेरिकेच्या लुइझियाना प्रांतात विद्वान म्हणून मान्यता पावला होता. स्वातंत्र्याच्या इच्छेलाच रोग ठरविणारी ही दृष्टी पुढे रुग्णालयांच्या भिंतींत मुरली. मेरिलंडमध्ये १९११ साली कृष्णवर्णीयांसाठी क्राउन्सव्हिल येथे वेगळे मनोरुग्णालय उभारले, तेव्हा रान तोडण्याची मजुरी खुद्द रुग्णांकडूनच करवून घेतली गेली.

न्यूयॉर्कमधील हार्लेम या कृष्णवर्णीय वस्तीत १९४६ साली एका चर्चच्या तळघरात मनोचिकित्सक डॉ. फ्रेडरिक वर्थम यांनी लेखक रिचर्ड राइट यांच्या साहाय्याने लाफार्ग चिकित्सालय उघडले, त्याची आठवण म्हणूनच मोलाची. डॉक्टर बिनपगारी, फी पंचवीस सेंट, तीही ज्याच्या खिशात नसेल त्यास माफ! येथेच तपासलेल्या मुलांच्या आधारे वर्थम यांनी डेलावेअरच्या न्यायालयात साक्ष दिली, की वर्णभेदाची शाळा मुलांच्या मनास इजा करते. आणि तो खटला शाळांतील वर्णभेद घटनाबाह्य ठरविणाऱ्या १९५४ च्या ऐतिहासिक निकालात सामील झाला.

अमेरिकेच्या मनोचिकित्सक संघटनेने आपल्या व्यवसायातील वर्णद्वेषाबद्दल जाहीर माफी मागितली ती २०२१ च्या जानेवारीत, म्हणजे कार्टराइटच्या निदानानंतर १७० वर्षांनी. माफी स्वागतार्ह आहे. परंतु कृष्णवर्णीय वस्त्यांत परवडणारी चिकित्सालये आणि तेथील दुःख जाणणारे डॉक्टर यांची तरतूद अमेरिकी सरकारने आपल्या खजिन्यातून विनाविलंब करावी.