चांदीची हासळी परदेशात पाठवायची? टपालखर्च परवडतो, पण कर आणि नियम आडवे येतात

चिंचपाडा (ता. नवापूर) : शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी परदेशात गेलेल्या मुलामुलींना घरून काही पाठवायचं म्हटलं की आजवर पहिला प्रश्न एकच असायचा, टपालाला किती पैसे लागतील? आता तो प्रश्न दुसऱ्या नंबरवर गेला आहे. वस्तू लहान आणि मौल्यवान असेल तर टपालखर्चापेक्षा तिकडचा कर जास्त होतो, हे 2025 च्या ऑगस्टपासून स्पष्ट झालं.

अमेरिकेने 800 डॉलरपर्यंतच्या पार्सलला असलेली करमाफी 29 ऑगस्ट 2025 पासून बंद केली. त्याच्या चार दिवस आधीच भारतीय टपाल खात्याने अमेरिकेची बहुतेक पार्सलं घेणं थांबवलं, कारण कर कोणी गोळा करायचा आणि तिकडे कसा भरायचा, याचाच पत्ता नव्हता. 15 ऑक्टोबरला सेवा पुन्हा सुरू झाली ती नव्या पद्धतीने. कर इथेच, बुकिंग करताना, पाठवणाऱ्याने भरायचा. तेव्हा जाहीर झालेला दर होता वस्तूच्या किमतीच्या 50 टक्के. 100 डॉलरपर्यंतची खरीखुरी भेटवस्तू मात्र करातून वगळलेली. हे दर वरचेवर बदलतात, म्हणून बुकिंगच्या दिवशी काउंटरवर विचारल्याशिवाय पैसे मोजू नयेत.

आता हिशेब करून बघा. 100 डॉलर म्हणजे त्या वेळचे साधारण पावणेनऊ हजार रुपये. आणि चांदी? 2025 च्या दिवाळीआधी ती किलोला दीड लाखाच्या वर गेली. म्हणजे साठ ग्रॅमचं कडंसुद्धा भेटवस्तूच्या मर्यादेत बसत नाही. आपल्याकडच्या हासळ्या आणि तोडे किती वजनदार असतात ते सांगायला नको. समजा दागिना 200 ग्रॅमचा आहे. नुसत्या चांदीचेच तीस हजार, त्यावर 50 टक्के धरले तर कर पंधरा हजार. लेकीला आजीची हासळी पाठवायची तर अर्धी किंमत पुन्हा मोजायची! ब्रिटनमध्ये करमुक्त भेटीची मर्यादा 39 पौंड आहे, युरोपियन युनियनच्या देशांत 45 युरो. तिथेही चांदीचा मोठा दागिना बसत नाही.

कर भरायची तयारी असली तरी दुसरी अडचण उरतेच, आणि ती फार लोकांना माहीत नसते. आंतरराष्ट्रीय टपालाच्या नियमानुसार सोनं, चांदी, दागिने, नाणी, नोटा या वस्तू विमा नसलेल्या साध्या पाकिटातून पाठवताच येत नाहीत. दोन किलोपर्यंतची ट्रॅकिंगवाली पॅकेट सेवा स्वस्त पडते, कपडे किंवा कागदपत्रांसाठी ती चांगलीच आहे, पण चांदीसाठी नाही. चांदी पाठवायची तर किंमत जाहीर करून विमा उतरवलेलं पार्सल लागतं, आणि ते प्रत्येक देश घेतोच असं नाही. मोठ्या खासगी कुरिअर कंपन्यांच्या अटींतही दागिने आणि नाण्यांवर बंदी किंवा मर्यादा असते. दुकानदार "जाईल हो, काही होत नाही" म्हणेल. हरवल्यावर हाच दुकानदार अटींचा कागद पुढे करेल.

मग फॉर्मवर चांदीऐवजी "खेळणी" लिहायचं, किंवा तीस हजारांचे तीन हजार करायचे, असा सल्ला सर्रास मिळतो. तो ऐकू नये. भरपाई मिळालीच तर लिहिलेल्या किमतीवर मिळते, आणि कस्टमने पाकीट उघडून खोटं पकडलं तर माल जप्त होऊ शकतो.

नाण्यांच्या हाराचा प्रश्न याहून नाजूक आहे. 1972 च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांपेक्षा जुनी नाणी आणि कलाकुसरीच्या वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाहीत. व्हिक्टोरिया राणी 1901 मध्ये वारली. म्हणजे प्रत्येक अस्सल राणीछाप रुपया आज शंभरी ओलांडलेला आहे. गळ्यातला हार घरचा असला, पणजीपासून चालत आलेला असला, तरी पार्सलात तो घालू नये. दागिना किती जुना आहे याची शंका असेल तर भारतीय पुरातत्त्व विभागाकडून तो पुरावशेष नसल्याचा दाखला आधी घ्यावा.

चिंचपाड्याहून रेल्वेने गाठता येणाऱ्या सुरतेतून लाखमोलाचे हिरे रोज परदेशी जातातच की! पण ते टपालाच्या पाकिटात जात नाहीत. सुरक्षित वाहतूक करणाऱ्या कंपन्या, विमा, कस्टमचा दलाल, सगळी साखळी व्यापाऱ्याच्या मागे असते, आणि तो खर्च मोठ्या मालावर विभागला जातो. 50 टक्क्यांचा फटका सुरतेलाही बसला. मात्र एकच दागिना पाठवणाऱ्या घराला ही साखळी मिळत नाही आणि परवडतही नाही. नियम दोघांना सारखाच.

मण्यांच्या माळा किंवा साधे, चांदी नसलेले दागिने विकणाऱ्या बचत गटांचं गणित वेगळं आहे. त्यांना मौल्यवान धातूचा नियम लागत नाही. टपाल खात्याने 2022 पासून डाकघर निर्यात केंद्रं सुरू केली आहेत. तिथून निर्यातीचं टपाल बिल ऑनलाइन भरता येतं. त्यासाठी आयात-निर्यात कोड लागतो. तो पॅनवर ऑनलाइन मिळतो, सरकारी फी 500 रुपये. एजंट याचेच हजारो मागतात. आपल्याला जवळचं केंद्र कोणतं, हे नवापूर किंवा नंदुरबारच्या डाकघरात विचारून घ्यावं.

घरच्या चांदीसाठी मात्र सगळ्यात सोपा मार्ग जुनाच आहे. सुट्टीला आलेल्या मुलीने स्वतः अंगावर घालून किंवा हातातल्या बॅगेत न्यावी, बिल आणि फोटो सोबत ठेवावा. दागिना परत आणायचा असेल तर निघताना विमानतळावर कस्टमकडून एक्स्पोर्ट सर्टिफिकेट करून घ्यावं, म्हणजे परतताना त्यावर कर मागितला जात नाही. तिकडे उतरल्यावर त्या देशाच्या नियमाप्रमाणे तो जाहीर करावा लागतो. आणि ओळखीपाळखीच्या कोणी "हे पुडकं तेवढं घेऊन जा" म्हटलं तर उघडून बघितल्याशिवाय घेऊ नये.

पार्सल पाठवलंच, तर पावतीवरचा तेरा अक्षरी नंबर जपून ठेवा. भारतातून गेलेल्या नंबरच्या शेवटी आय-एन ही अक्षरं असतात, मधल्या नऊ जागी आकडे. पार्सल कुठे पोचलं ते याच नंबरवर टपाल खात्याच्या संकेतस्थळावर दिसतं. "तुमचं पार्सल कस्टममध्ये अडकलं, त्यात ड्रग्ज सापडले, व्हिडिओ कॉलवरच थांबा" असा फोन आला तर तो टपाल खात्याचा नाही आणि पोलिसांचाही नाही. फोन कापा. पैसे गेले असतील तर वेळ न घालवता 1930 लावा.