अम्मीला स्पीड नकोय

इंजिनिअर मुलगा पुण्यात असला की घरच्या सगळ्या वायरींवर त्याचा हक्क असतो, असं मला वाटायचं. दोन वर्षांपूर्वी सुट्टीला मैंदर्गीला आलो आणि पहिलं काम काय केलं, तर केबलवाल्या पोराचं जुनं कनेक्शन काढून टाकलं. त्याचं 40 एमबीपीएस, तेही संध्याकाळी निम्म्यावर यायचं. नव्या मोठ्या कंपनीचं 100 एमबीपीएस, दर महिन्याला जवळपास तेवढेच पैसे. हिशोब सरळ होता. अम्मी फक्त एवढंच म्हणाली, "वो पोट्टा बुलाए तो आता था."

ते वाक्य मी ऐकलं आणि सोडून दिलं.

पावसाळ्यात गटाराचं काम निघालं, जेसीबीनं खोदताना फायबर तुटली आणि लाइन नऊ दिवस बंद राहिली. कॉल सेंटरवरून रोज "48 तासांत" एवढंच ऐकायला मिळायचं. तेही हिंदीत, पाठ केल्यासारखं. आमच्या गावात माणूस घरात दखनी, बाजारात कन्नड आणि नगरपरिषदेत मराठी बोलतो. अम्मीला "राउटरवर लाल लाइट लागलीय" एवढं सांगायलाही तीनदा प्रयत्न करावा लागला. केबलवाल्या पोराला ती कन्नडमध्ये एका वाक्यात सांगायची, आणि तो संध्याकाळपर्यंत शिडी घेऊन दारात असायचा.

त्याच नऊ दिवसांत बहिणीचा इंजिनिअरिंग प्रवेशाचा पहिल्या फेरीचा पसंतीक्रम भरायचा होता. चुलतभावाचा हॉटस्पॉट घेतला. तो बाहेर जायच्या घाईत, दारात उभा राहून "हो गया क्या?" विचारतोय आणि ही कॉलेजांचे कोड बघतेय. पहिल्या फेरीत पहिल्या क्रमांकाचं कॉलेज मिळालं की ती जागा पक्की होते, पुढच्या फेऱ्यांत बदलता येत नाही. तिनं घाईत पहिल्या क्रमांकावर टाकलेलं कॉलेज तिला मिळालं. ती तिथं शिकतेय, चांगलं शिकतेय. पण तिला ते पहिल्या क्रमांकावर टाकायचं नव्हतं.

तेव्हापासून मी गावात, अक्कलकोटला आणि दुधनीला ज्याला त्याला एकच प्रश्न विचारतो: हे कनेक्शन का घेतलं? स्पीडचा आकडा क्वचितच कुणी आधी सांगतं. 'बिघडलं की येतो,' 'ओळखीचा आहे,' 'महिनाअखेरीला पैसे दिले तरी चालतं,' 'रात्री इशानंतर दुबईचा कॉल तुटत नाही' अशी उत्तरं येतात. यूएईत व्हॉट्सॲपवरून कॉल लागत नाहीत, तिथली मुलं दुसऱ्या ॲपवरून बोलतात. अम्मीलोकांना ॲपचं नाव सांगता येत नाही, पण कुणाच्या लाइनवर चेहरा अडकतो आणि कुणाच्या नाही, हे सगळ्या गल्लीला पाठ असतं.

आणि तांत्रिकदृष्ट्या ही माणसं बरोबर आहेत. व्हिडिओ कॉलला दोनेक एमबीपीएस नीट मिळाले तरी पुरतात. सरकारनंही जानेवारी 2023 पासून ब्रॉडबँड म्हणायला किमान 2 एमबीपीएस एवढीच अट ठेवलीय, त्याआधी ती 512 केबीपीएस होती. घरापर्यंतची फायबर बहुधा दोष देण्यासारखी नसते. गल्लीतल्या एका पोर्टमधून साधारण अडीच जीबीपीएस येतात आणि 32 किंवा 64 घरांत वाटले जातात. खरी अडचण त्याच्यामागे असते: तुमच्या माणसानं वरून किती बँडविड्थ विकत घेतलीय आणि ती किती गिऱ्हाइकांना विकलीय. जाहिरातीतल्या 100 च्या आधी बारीक अक्षरात 'पर्यंत' असतं, ते याचसाठी.

म्हणून मी आता स्पीड विचारायला सांगत नाही. लाइट गेल्यावर तुमचं मशीन बॅटरीवर किती तास चालतं, हे विचारा. अपलोड किती मिळतं, हे विचारा. कॉलमध्ये आपला आवाज त्याच्यावरच जातो. आणि पैसे भरायच्या आधी शेजाऱ्याच्या घरी रात्री नऊ वाजता बसून स्वतः बघा, दुपारी अकराला नाही.

मुलींसाठी ही गोष्ट आणखी वेगळी आहे, आणि आपल्या घरांत ती कुणी बोलत नाही. मोबाइल डेटा स्वस्त झाला 2016 नंतर, जिओ आल्यावर. पण फोन बहुतेक भावाच्या किंवा वडिलांच्या हातात असतो. घरातलं वायफाय हे एकच इंटरनेट असं आहे, जे मुलीला कुणाकडे मागावं लागत नाही. ते बंद पडलं की घरातली मुलं बाहेर चालू राहतात, मुलगी बंद पडते. लाइन दुरुस्त व्हायला लागणारे दिवस कोणाच्या खात्यातून जातात, ते त्या नऊ दिवसांनी मला दाखवलं.

तरीही केबलवाल्या पोराला मी डोक्यावर घेणार नाही. तो येतो, पण बिल देत नाही. पैसे रोख घेतो, वहीत टिक करतो. त्याच्या वरची लायसन्सवाली कंपनी कोणती, हे निम्म्या गिऱ्हाइकांना माहीत नसतं. आणि तक्रार पुढे न्यायची तर नेमकं तेच नाव लागतं. 2012 च्या नियमांप्रमाणे प्रत्येक तक्रारीला नंबर मिळायला हवा आणि उत्तर पटलं नाही तर कंपनीच्याच अपील अधिकाऱ्याकडे जाता येतं. तीन दिवसांपेक्षा जास्त लाइन बंद राहिली तर पैसे वळते व्हावेत, हे तर ट्रायनं 2006 मध्येच लिहून ठेवलं होतं. फेब्रुवारी 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं टेलिकॉमची तक्रार ग्राहक मंचातही चालते असं सांगितलं. पण यातलं काहीही करायचं तर हातात एक कागद लागतो. मोठ्या कंपनीकडे कागद आहे, माणूस नाही. पोराकडे माणूस आहे, कागद नाही. दोन्ही एका जागी मागायला आपण शिकलो नाही, कारण ओळखीच्या माणसाकडे पावती मागणं आपल्याला अपमानासारखं वाटतं.

मागच्या सुट्टीत घरी पुन्हा त्याचंच कनेक्शन घेतलं. घेताना मी पावती मागितली. तो हसला, "भाई, आपके घरकू भी पावती?" मी हो म्हणालो, अम्मी माझ्याकडे रागानं बघत होती. मग त्यानं वही उघडून दाखवली. दोनशेवर गिऱ्हाइकं, नावापुढे टिका. कोणाची लाइन कधी बंद पडली, कधी चालू केली, काही नाही. रात्री दोघांनी बसून त्याच्या फोनवर एक शीट बनवली: नाव, तारीख, तक्रार, दुरुस्तीची तारीख, पावती नंबर. पहिली पावती अम्मीच्या नावानं फाडली. ती तिनं शिधापत्रिकेच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवलीय.